नोकरी सांभाळून कॉस्ट अकाउंटंट व्हायचं असेल तर

फॉर्म भरण्याआधी एक काम करा. रोज डोळ्यांसमोर असलेली कुठलीही एक वस्तू निवडा आणि ती तयार व्हायला काय काय खर्च येतो ते कागदावर मांडा. कारखान्यात असाल तर तिथलीच एखादी वस्तू घ्या. ऑफिसात असाल तर खालच्या पोळी-भाजी केंद्रातला डबा चालेल, वागळे इस्टेटमधल्या प्रेसमध्ये छापली जाणारी लग्नपत्रिका चालेल. कच्चा माल किती लागतो, त्यातला वाया किती जातो, मजुरी नगावर आहे की महिन्यावर, वीज किती, जागेचं भाडं किती, टेम्पोचं भाडं कोण भरतं. मग प्रत्येक आकड्यासमोर एकच प्रश्न लिहा: उद्या एकही नग केला नाही तर हा खर्च थांबेल का?

हे करताना मन रमलं, मालकाला आणखी चार गोष्टी विचाराव्याशा वाटल्या, तर पुढे वाचा. अगदीच कंटाळा आला तर थोडं थांबा, कारण पदवीनंतर सुरुवात केली तरी पुढे सोळा पेपर आहेत आणि खर्चाच्या मुळाशी जायची ओढ नसेल तर ते फार जड जातात. हे कोणाला घाबरवायला सांगत नाही. फी आणि तरुणपणाची वर्षं दोन्ही मोलाची असतात, म्हणून सांगते.

मी रबाळे एमआयडीसीतल्या एका कोरुगेटेड (पन्हळी पुठ्ठ्याच्या) बॉक्सच्या कारखान्यात कॉस्टिंग बघते आणि कळव्याला राहते. रविवारी सकाळी इमारतीतली, ओळखीपाळखीतली मुलं-मुली वह्या घेऊन येतात. कोणी बी.कॉम. झालेली, कोणी स्टोअरमध्ये नोकरीला, एक जण दुपारी एपीएमसीत एका गाळ्यावर हिशेब लिहितो. त्यांना सांगते तेच इथे लिहिते आहे. माझा सगळा भर एका गोष्टीवर असतो: कॉस्टिंगमधल्या प्रत्येक गणितामागे कोणाला तरी काहीतरी ठरवायचं असतं. तो माणूस कोण आणि त्याला काय ठरवायचंय, हे ओळखायची सवय लागली की अर्धा अभ्यास सोपा होतो.

कुठलं सर्टिफिकेट?

क्लासच्या पाट्यांवर कॉस्ट अकाउंटंटच्या परीक्षेसाठी नुसतं 'सीएमए' लिहिलेलं असतं. पैसे भरण्याआधी विचारून घ्या, कारण या नावाच्या दोन अगदी वेगळ्या परीक्षा आहेत.

पहिली आपल्याकडची, इन्स्टिट्यूट ऑफ कॉस्ट अकाउंटंट्स ऑफ इंडियाची. जुनी मंडळी अजूनही तिला 'आयसीडब्ल्यूए' म्हणतात. ही संस्था १९४४ साली सुरू झाली आणि १९५९ च्या कॉस्ट अँड वर्क्स अकाउंटंट्स कायद्याने तिला वैधानिक दर्जा मिळाला. पश्चिम विभागाचं कार्यालय फोर्टला. आपल्या भागात नवी मुंबईचं चॅप्टर (स्थानिक शाखा) आहे आणि कल्याण-अंबरनाथचं वेगळं. तीन पायऱ्या: फाउंडेशन, इंटरमिजिएट, फायनल. बारावीनंतर येणाऱ्यांना फाउंडेशनचे चार पेपर द्यावे लागतात, पदवीधरांना थेट इंटरमिजिएटला प्रवेश मिळतो. इंटरमिजिएट आठ पेपरांची, फायनलही आठ पेपरांची, दोन्हीकडे चार-चारचे दोन ग्रुप.

दुसरी अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट अकाउंटंट्सची. ती संस्था १९१९ची, तिचं हे सर्टिफिकेट १९७२ पासून दिलं जातं. दोनच भाग. पहिल्यात नियोजन, बजेट, कामगिरीचं मोजमाप, अंतर्गत नियंत्रण आणि विश्लेषण. दुसऱ्यात कॉर्पोरेट फायनान्स, निर्णय, जोखीम, गुंतवणूक आणि व्यावसायिक नीती. गुण ५०० पैकी आणि पास व्हायला ३६०. त्याशिवाय पदवी आणि सलग दोन वर्षांचा संबंधित अनुभव लागतो. ब्रिटनची सीमा नावाची तिसरी परीक्षाही आहे, पण आमच्या रविवारच्या मुलांत तिच्या वाटेला जाणारं सध्या कोणी नाही.

निवड कशी करायची? ऐरोलीच्या माइंडस्पेसमध्ये किंवा महापेच्या मिलेनियम बिझनेस पार्कमध्ये परदेशी कंपनीचं रिपोर्टिंग, बजेटिंग करत असाल आणि तिथेच पुढे जायचं असेल, तर अमेरिकन परीक्षा उपयोगी पडते आणि लवकर संपते. पण कारखान्यात काम करायचं असेल, पुढे स्वतःची प्रॅक्टिस हवी असेल, कॉस्ट ऑडिट (कंपनीच्या खर्चाच्या नोंदींची तपासणी) करायचं असेल, तर आपलीच परीक्षा द्या. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १४८ खाली होणारं कॉस्ट ऑडिट भारतातल्या प्रॅक्टिस करणाऱ्या कॉस्ट अकाउंटंटनेच करायचं असतं, परदेशी सर्टिफिकेटवर ती सही करता येत नाही. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या दोन्ही अंगांना रसायनं, औषधं, इंजिनिअरिंग, कागद, प्लास्टिकचे कारखाने आहेत. इथल्या मुलांनी भारतीय परीक्षा दिली तर अभ्यासाचं साहित्य रोज कामावर जातानाच दिसतं. माझा कल स्पष्टपणे या बाजूला आहे आणि पुढचं सगळं याच परीक्षेबद्दल.

नावनोंदणी आणि ग्रुप

परीक्षा वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबर. जूनला बसायचं तर नोंदणी ३१ जानेवारीपर्यंत, डिसेंबरला बसायचं तर ३१ जुलैपर्यंत व्हायला हवी. परीक्षेचा फॉर्म त्यानंतर वेगळा भरायचा, हे लक्षात ठेवा. नोंदणी केली म्हणजे परीक्षेला बसलो असं होत नाही. फी आणि तारखांसाठी संस्थेच्या संकेतस्थळावरची सूचना स्वतः वाचा. क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारा मागच्या वर्षीचा फोटो वाचू नका.

पास होण्याचा नियम नीट समजून घ्या, कारण अभ्यासाची वाटणी त्यावर ठरते. प्रत्येक पेपरात किमान ४० गुण आणि ग्रुपच्या चार पेपरांत मिळून ५० टक्के, म्हणजे ४०० पैकी २००. चारही पेपरांत ४२-४२ मिळाले तर १६८ होतात आणि ग्रुप जातो. म्हणजे एखादा पेपर ४० च्या आसपास राहिला तर ती तूट दुसऱ्या पेपरांत ५० च्या वर जाऊन भरून काढावी लागते. एखाद्या पेपरात ६० किंवा जास्त मिळाले आणि ग्रुप राहिला, तरी त्या पेपराची सूट पुढे मिळवता येते. म्हणून ग्रुपमधला तुमचा आवडता पेपर कुठला हे पहिल्याच महिन्यात ठरवा आणि तो ६५-७० पर्यंत न्यायचं मनाशी धरा. नावडता पेपर ४५ ला पोचला तरी पुरतो.

नोकरी करणाऱ्यांनी एका वेळी एकच ग्रुप द्यावा, असं माझं ठाम मत आहे. इंटरमिजिएटच्या पहिल्या ग्रुपमध्ये कायदा, फायनान्शिअल अकाउंटिंग, कर आणि कॉस्ट अकाउंटिंग असे चार पेपर आहेत. दुसऱ्यात ऑपरेशन्स आणि स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट, कॉर्पोरेट अकाउंटिंग आणि ऑडिट, फायनान्शिअल मॅनेजमेंट आणि डेटा ॲनालिटिक्स, आणि मॅनेजमेंट अकाउंटिंग. पहिला ग्रुप आधी द्या. बाराव्या क्रमांकाचा मॅनेजमेंट अकाउंटिंगचा पेपर आठव्या क्रमांकाच्या कॉस्ट अकाउंटिंगवर उभा आहे. ओव्हरहेडचं (भाडं, वीज अशा सामाईक खर्चाचं) वाटप, नॉर्मल आणि ॲबनॉर्मल लॉस, प्रोसेस कॉस्टिंग हे हातात बसल्याशिवाय मार्जिनल कॉस्टिंग (बदलत्या खर्चावरून निर्णय घेणं) आणि व्हेरियन्स (ठरलेला आणि प्रत्यक्ष खर्च यांतला फरक) नुसते पाठ होतात, कळत नाहीत.

एक गणित, शेवटपर्यंत

आता मूळ मुद्द्याकडे येते. खालचं गणित मी प्रत्येक नव्या मुलाकडून करून घेते. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत, परिस्थिती मात्र आमच्या पट्ट्यातल्या कुठल्याही बॉक्सवाल्याला ओळखीची वाटेल.

एक कारखाना दोन प्रकारचे बॉक्स करतो. एक आंब्याची पेटी, मार्च ते मे एपीएमसीच्या व्यापाऱ्यांना जाणारी. दुसरा औषध कंपनीचा कार्टन, बारा महिने चालणारा. पेटी ४६ रुपयांना विकली जाते. तिला कागद २४ रुपयांचा, शाई-पेस्ट-पिना २ रुपयांच्या, नगावरची मजुरी ४ रुपये; बदलता खर्च ३०, म्हणजे कॉन्ट्रिब्युशन (विक्रीतून बदलता खर्च वजा जाता उरलेली रक्कम) १६ रुपये. कार्टन २४ रुपयांना जातो, बदलता खर्च १६, कॉन्ट्रिब्युशन ८. दोन्ही मालांना एकच पंचिंग मशीन लागतं आणि ते महिन्याला ४०० तास मिळतं. पेटीला हवेची भोकं आणि हाताची खाच पाडायची असते, म्हणून तासाला १२० पेट्याच निघतात. कार्टन तासाला ३०० निघतात. एप्रिलमध्ये मागणी आहे ३०,००० पेट्यांची आणि ९०,००० कार्टनची. महिन्याचा स्थिर खर्च साडेपाच लाख. आधी काय करायचं?

बहुतेक मुलं पेटी म्हणतात. का नाही म्हणणार? नगामागे १६ रुपये सुटतात, पी-व्ही रेशो (विक्रीत कॉन्ट्रिब्युशनचा वाटा) जवळजवळ ३५ टक्के. कार्टनचे ८ रुपये आणि ३३ टक्के. सेल्सचा माणूसही हेच म्हणेल.

मग मी विचारते, कमी काय आहे? पैसा कमी नाही, माणसं कमी नाहीत, मागणी तर नाहीच. कमी आहेत मशीनचे तास. तर तासाचा हिशेब करा. पेटी तासाला १२० गुणिले १६, म्हणजे १,९२० रुपये देते. कार्टन ३०० गुणिले ८, म्हणजे २,४०० रुपये.

पेटी आधी केली तर ३०,००० पेट्यांना २५० तास लागतात आणि ४,८०,००० रुपये मिळतात. उरलेल्या १५० तासांत ४५,००० कार्टन, म्हणजे ३,६०,०००. एकूण ८,४०,०००. कार्टन आधी केले तर ९०,००० ना ३०० तास, ७,२०,००० रुपये. उरलेल्या १०० तासांत १२,००० पेट्या, १,९२,०००. एकूण ९,१२,०००. स्थिर खर्च दोन्हीकडे तोच, त्यामुळे नफा २,९०,००० ऐवजी ३,६२,००० होतो. फरक ७२,००० रुपयांचा, तोही एका महिन्यात.

इथे बहुतेक पुस्तकी उत्तरं थांबतात. मी थांबू देत नाही. पुढचा प्रश्न: सुपरवायझर म्हणाला की रात्रीची पाळी लावून आणखी तास काढता येतील, तर त्या एका तासासाठी जास्तीत जास्त किती जादा खर्च करायचा? मुलं झटकन २,४०० म्हणतात. पण कार्टनची मागणी तर पुरी झाली आहे, जादा तासात पेटीच होणार, म्हणून मर्यादा १,९२० रुपयांची. पाळीचा जादा पगार, वीज, रात्रीची गाडी धरून तासाला १,२०० रुपये जास्त पडत असतील तर पाळी लावावी. राहिलेल्या १८,००० पेट्यांना १५० तास लागतील, तासाला ७२० रुपये सुटतील, म्हणजे १,०८,००० रुपये.

आणि मग शेवटचा प्रश्न, जो आकड्यात मावत नाही: पेट्या कमी दिल्या तर व्यापारी काय करेल? आंब्याच्या दिवसांत वाशीला माल ओतला जात असतो, त्याला पेटी आजच हवी असते. तो दुसऱ्या कारखान्याकडे गेला तर पुढच्या वर्षी परत येईल का? उलट, औषध कंपनीचा माल एक महिना अडकला तर ती वर्षाचं कंत्राट मोडेल का? हे उत्तरात तीन-चार ओळींत लिहायचं आणि शेवटी स्पष्ट शिफारस करायची: कार्टनची मागणी आधी पूर्ण करावी, जादा पाळीचा खर्च तासाला १,९२० च्या आत राहत असेल तर उरलेल्या पेट्या रात्री कराव्यात.

ही शिफारसीची ओळ लिहिलीच पाहिजे. 'म्हणून नफा ३,६२,०००' इथे पेन ठेवणाऱ्या मुलाला सूत्र येतं. पुढची ओळ लिहिणाऱ्याला मालकासमोर बसवता येतं, आणि तपासणाऱ्यालाही तो फरक दिसतो.

व्हेरियन्स शिकताना

स्टँडर्ड कॉस्टिंगमध्ये (आधी खर्चाचं प्रमाण ठरवून प्रत्यक्ष खर्च त्याच्याशी ताडून बघण्यात) मुलं सूत्रांच्या जंगलात हरवतात. सूत्रं दोनच दिवस बाजूला ठेवा आणि हे बघा. एका पेटीला ०.६ किलो कागद, ४० रुपये किलोने, असं प्रमाण ठरलेलं आहे. १०,००० पेट्या केल्या. कागद लागला ६,३५० किलो, दर पडला ३८ रुपये. ठरल्याप्रमाणे खर्च व्हायला हवा होता २,४०,०००; झाला २,४१,३००. फरक फक्त १,३०० रुपये, वरवर बघणारा म्हणेल किरकोळ आहे, सोडून द्या.

आता फोडून बघा. दरात किलोमागे २ रुपये वाचले, ६,३५० किलोवर १२,७०० रुपयांचा फायदा. कागद मात्र ३५० किलो जास्त गेला, ४० रुपयांनी १४,००० रुपयांचं नुकसान. पर्चेसवाल्याला शाबासकी आणि प्रॉडक्शनवाल्याला बोलणी, असा रिपोर्ट यातून निघू शकतो आणि तो अन्यायाचा असेल. स्वस्तातला कागद कमी ताकदीचा असेल, रील मशीनवर सारखं तुटत असेल, तर ते ३५० किलो पर्चेसच्याच निर्णयाने वाया गेले. हे शोधायला टेबलवरून उठावं लागतं. जीआरएन (माल आल्याची पावती) बघायचा, कागदाचा जीएसएम (दर चौरस मीटरचं वजन) कोणी तपासला ते विचारायचं, मशीनवरच्या माणसाशी बोलायचं. त्याला रीलचा आवाज ऐकून कागद कसा आहे ते कळतं, आणि विचारलं तर तो मनापासून सांगतो.

तुमच्या कारखान्यात हे कागद हाताळायला मिळत असतील तर फार मोठी संधी आहे. जॉब कार्ड, स्टोअरची मागणी-चिठ्ठी, बिल ऑफ मटेरियल, स्क्रॅपचं रजिस्टर, वीजबिल. वरिष्ठांची परवानगी घेऊन बघा, आकडे बाहेर नेऊ नका, पण ते कसे तयार होतात हे समजून घ्या. पुस्तकातलं प्रत्येक प्रकरण वाचून झालं की स्वतःला विचारा, आपल्याकडे हे कुठल्या कागदावर दिसेल? उत्तर मिळालं की ते प्रकरण सहसा विसरत नाही.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी

माझं शिक्षण दहावीपर्यंत मराठीत झालं, म्हणून हा भाग मला विशेष जवळचा आहे. गणिताच्या पेपरात भाषा फारशी आडवी येत नाही. कायदा, ऑडिट, स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट इथे येते. मुलाला मुद्दा माहीत असतो, पण इंग्रजी वाक्य जुळवताना पंधरा मिनिटं जातात आणि मग तो पाठ केलेलं उतरवायला लागतो.

उपाय असा. एक जाड वही करा. डाव्या पानावर संकल्पना आपल्या मराठीत, घरी आईला समजावून सांगाल तशी लिहा. उजव्या पानावर तीच गोष्ट इंग्रजीत फक्त तीन छोट्या वाक्यांत: ही गोष्ट काय आहे, कधी लागू होते, आपल्या प्रश्नात तिचा परिणाम काय. मोठी वाक्यं टाळा. कायद्याच्या उत्तरात आधी तरतूद, मग दिलेल्या प्रसंगातली वस्तुस्थिती, मग निष्कर्ष. रोज एकच पान लिहा, पण हाताने लिहा. सहा महिन्यांत दीडशेच्या वर पानं होतात आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तीच वही पुरते. इंग्रजी कच्चं म्हणून ज्यांनी हा कोर्स सोडला अशी हुशार मुलं मी पाहिली आहेत आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. छोटी, बरोबर वाक्यं लिहिणाऱ्याचे गुण कोणी कापत नाही.

वेळ कुठून आणायचा

ठाण्याला ९-१० नंबरच्या फलाटावरून वाशी किंवा पनवेल गाडी पकडणाऱ्यांना रोजचा प्रवास आहेच. गाडीत गणित सोडवायला जाऊ नका, जमत नाही. गाडीतला वेळ बहुपर्यायी प्रश्नांसाठी आणि उजव्या पानांच्या उजळणीसाठी ठेवा. गणितं फक्त टेबलावर, वेळ लावून, वहीत पूर्ण मांडणी करून. 'हे मला येतंय' म्हणत उत्तर नुसतं वाचत जाणं ही सगळ्यात घातक सवय आहे. वाचताना सगळंच येत असतं.

घर लहान असेल तर अभ्यासिकेत जागा घ्या. ठाण्यात आणि नवी मुंबईत सार्वजनिक आणि खासगी दोन्ही प्रकारच्या अभ्यासिका आहेत. घराजवळची घ्या, चांगली म्हणून लांबची घेऊ नका, आठवड्यात जाणं बंद होतं. आठवड्यातले पाच दिवस दीड-दोन तास आणि रविवारी एक सलग मोठी बैठक, एवढं सहा-सात महिने टिकलं तर एक ग्रुप होतो. कारखान्यात मार्चअखेर आणि स्टॉकटेकिंगचे दिवस असतात, तेव्हा अभ्यास होणार नाही हे आधीच धरून वेळापत्रक करा. जूनची परीक्षा देणाऱ्यांनी फेब्रुवारीअखेर एकदा सगळं वाचून संपवावं ते यासाठीच.

क्लास लावायचा की नाही? गोखले रोड, राम मारुती रोडवर क्लासला तोटा नाही. चौकशीला जाल तेव्हा निकालाची पाटी बघण्याऐवजी एकच विचारा: आमची उत्तरं कोण तपासतं आणि किती दिवसांत परत मिळतात? याचं उत्तर गुळमुळीत आलं तर ते पैसे वाचवा. संस्थेचं अभ्याससाहित्य संकेतस्थळावर मोफत आहे, मॉक टेस्ट पेपर आणि जुन्या प्रश्नपत्रिकांची सजेस्टेड उत्तरंही आहेत. कराच्या पेपरासाठी मात्र तुमच्या परीक्षेला कुठला फायनान्स ॲक्ट लागू आहे ते बघूनच पुस्तक घ्या, ओळखीतल्या कोणाचं जुनं पुस्तक वापरू नका.

पेपर लिहिताना

तीन तास, १०० गुण. २०२२ च्या अभ्यासक्रमात पहिला विभाग ३० गुणांच्या बहुपर्यायी प्रश्नांचा आहे, प्रत्येकी २ गुणांचे १५. नंतर ७ पैकी ५ प्रश्न, प्रत्येकी १४ गुणांचे. पहिला विभाग ४५ मिनिटांत उरका. पाच मोठ्या प्रश्नांना २५ मिनिटांप्रमाणे १२५ मिनिटं द्या. दहा मिनिटं हातात राहतात. २५ मिनिटं झाली की प्रश्न अर्धा असला तरी जागा सोडून पुढे जा. पाचवा प्रश्न कोरा राहिला तर १४ गुण हमखास जातात.

गणिताच्या पेपरात वर्किंग नोट्सना क्रमांक द्या आणि मुख्य तक्त्यात तो क्रमांक लिहा. बेरीज चुकली तरी तपासणाऱ्याला पद्धत दिसते. गृहीत धरलेली गोष्ट सुरुवातीला एका ओळीत लिहा. नग आणि रुपये प्रत्येक रकान्यावर लिहा. ३,६०,००० हा आकडा पेट्यांचा की पैशांचा हे त्याला ओळखावं लागू नये.

ट्रेनिंग

पंधरा महिन्यांचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग आहे. ज्यांची नोकरी आधीच कॉस्टिंग, अकाउंट्स किंवा फायनान्समध्ये आहे, त्यांनी त्या अनुभवावर काय सूट मिळते ते चॅप्टरमध्ये किंवा विभागीय कार्यालयात जाऊन विचारावं आणि कंपनीकडून अनुभवाचं पत्र वेळेत घ्यावं. नोकरी बदलून गेल्यावर जुन्या एचआरकडून पत्र मिळवणं किती त्रासाचं असतं ते माझ्याकडची दोन मुलं सांगू शकतील.

नव्याने ट्रेनिंग शोधत असाल तर प्रॅक्टिस करणाऱ्या कॉस्ट अकाउंटंटकडे एक तरी कॉस्ट ऑडिटचा हंगाम काढा, स्टायपेंड थोडा कमी असला तरी. ठरावीक उद्योगांतल्या, ३५ कोटी किंवा त्याहून जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना २०१४ च्या नियमांप्रमाणे कॉस्ट रेकॉर्ड ठेवावे लागतात, आणि त्याहून वरच्या ठरलेल्या मर्यादा ओलांडणाऱ्यांचं ऑडिट होतं. ऑडिटरने आर्थिक वर्ष संपल्यापासून १८० दिवसांत कंपनीला अहवाल द्यायचा असतो, म्हणजे जुलै ते सप्टेंबर कामाची झुंबड असते. त्या दिवसांत तुम्हाला वेगवेगळ्या कारखान्यांत नेतील. बॉयलरच्या वाफेचा खर्च तीन विभागांत कसा वाटला, सॉल्व्हंट परत मिळवून पुन्हा वापरलं तर त्याची किंमत कशी धरली, जॉबवर्कला दिलेल्या मालाचा हिशेब कुठे ठेवला, हे तिथे बघायला मिळेल. पहिल्या दिवशी सुरक्षा बूट आणि एक छोटी वही न्या. प्लँट मॅनेजरला सकाळची उत्पादनाची मीटिंग संपल्यावरच भेटा, आणि प्रश्न विचारण्याआधी त्याच्याबरोबर एकदा अख्खा प्लँट कच्च्या मालाच्या गेटपासून डिस्पॅचपर्यंत चालून या.